टोकियोत सुशी कुठे खावी: फिरता पट्टा, बाजारातले दुकान की गिंझाचे काउंटर?

टोकियोत सुशी खाणाऱ्यापुढे ढोबळमानाने तीन पर्याय असतात: पट्ट्यावरून बशा येणारी कायतेन-झुशी, दरपत्रक लावलेले मधल्या प्रतीचे दुकान आणि आठ-दहा आसनांचे ओमाकासे काउंटर, जिथे काय वाढायचे ते सुशी करणारा आचारीच ठरवतो. यातून निवड करताना खिशाच्या बरोबरीने आपल्याला किती मोकळीक हवी आहे याचाही विचार करावा.

कायतेन-झुशीची सुरुवात योशिआकी शिराईशी यांनी १९५८ मध्ये ओसाकाजवळ केली. आज सुशिरो किंवा कुरासारख्या साखळी दुकानांत पडद्यावर बोट ठेवून मागणी नोंदवली की बशी थेट टेबलापाशी येते, वासाबी (झणझणीत हिरवी चटणी) बहुधा वेगळी मिळते आणि घास आवडला नाही तर नुकसान होते ते शे-दीडशे येनचे. कुरामध्ये पाच रिकाम्या बशा खाचेत टाकल्या की पडद्यावर खेळ सुरू होतो, त्यामुळे मुलेही रमतात. इथला भात यंत्रातून घडून येतो आणि चव बेताची असते, पण कच्चा मासा आपल्याला रुचतो की नाही हे पाहण्यासाठी तेवढी पुरेशी आहे. सोबत शाकाहारी मंडळी असतील तर काकडीची कप्पामाकी ही गुंडाळी इथे हमखास मिळते; इनारीचे, म्हणजे भात भरलेल्या पिशवीचे, टोफू मात्र बहुतेक ठिकाणी माशाच्या दाशीत (पातळ अर्कात) शिजवलेले असते, हे ध्यानात ठेवावे.

दर्दी माणसाला जे हवे असते, ते गिंझा या टोकियोतल्या महागड्या भागातल्या ओमाकासे काउंटरवर मिळते. एदोमाए, म्हणजे जुन्या टोकियोची (एदोची) सुशी-पद्धत, बर्फाची सोय नसलेल्या काळात घडली, म्हणून तिच्यात माशावर आधी संस्कार होतात: ट्यूना सोया सॉसमध्ये मुरवतात, अनागो (समुद्री वाम) शिजवून मऊ करतात आणि कोहादा हा तारलीसारखा चंदेरी, तेलकट मासा मिठात व मग व्हिनेगरमध्ये ठेवतात. मीठ जास्त वेळ राहिले तर तो खारट होतो, कमी राहिले तर वास मारतो. म्हणून दुकानाची पारख कोहाद्यावरून करावी, तोरो या ट्यूनाच्या पोटाकडच्या महागड्या, चरबीदार भागावरून नव्हे. भातही कोमट असायला हवा. नवख्यांचा लाडका सॅल्मन मात्र इथे बहुधा नसतो, कारण तो कच्चा खाण्याची चाल जपानमध्ये नॉर्वेच्या प्रयत्नांमुळे १९८० च्या दशकानंतर रुळली. रात्रीचे जेवण माणशी वीस ते चाळीस हजार येनपर्यंत जाते, अत्तर लावून येणे गैर मानले जाते आणि अमुक नको, तमुक नको असे सांगायचे असेल तर ते आरक्षणाच्या वेळीच सांगावे लागते. नावाच्या मागे धावण्यातही फारसा अर्थ नाही. सर्वसामान्यांना आरक्षण मिळत नाही म्हणून मिशेलिन या उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेने ‘सुकियाबाशी जिरो’ या गिंझातल्या नामांकित सुशी-दुकानाला २०२० च्या टोकियो आवृत्तीतून वगळले होते.

माझी शिफारस, विशेषतः नवख्यासाठी, मधल्या दुकानाची आहे. त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार २०१८ मध्ये टोकियोतच तोयोसूला हलला तरी त्सुकिजीची बाहेरची पेठ चालू आहे, आणि तिथे दुपारी दोन-तीन हजार येनमध्ये निगिरीचा (भाताच्या गोळ्यावर माशाचा काप ठेवलेल्या सुशीचा) ठरावीक संच मिळतो. टेबलाऐवजी काउंटरवर बसावे, संच संपल्यावर कोहादा आणि अनागो सुटे मागवावेत, आणि फळ्यावर आकड्याऐवजी ‘बाजारभाव’ लिहिले असेल तर मागवण्यापूर्वी दर विचारून घ्यावा. हे दोन्ही घास आवडले तर गिंझाचा विचार करावा, तोही आधी दुपारच्या जेवणाचा, कारण बऱ्याच काउंटरवर ते रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.