कायमचे सचिव की पाळीचे सचिव?

ज्यांच्या सोसायटीत यंदा निवडणूक आहे आणि 'काकाच राहू देत' की 'आता बदल हवा' असा घोळ चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडची आमची ४८ घरांची सोसायटी. १४ वर्षं एकच काका सचिव होते, गेली तीन वर्षं पद पाळीने फिरतंय. त्यातली अडीच वर्षं सचिवपद माझ्याच गळ्यात होतं, त्यामुळे माझ्याकडून अगदी तटस्थ निवाड्याची अपेक्षा ठेवू नका.

कायमच्या सचिवाचं सुख खरं असतं. लिफ्टवाला, टाकी धुणारा, ऑडिटर, सगळे काकांच्या एका फोनवर हजर. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायचीच, आणि सभेपेक्षा चहा-चिवड्यालाच जास्त वेळ लागायचा. काकांनी एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, हे आधीच सांगून टाकतो. बरीच वर्षं एकाच खुर्चीत बसलेला माणूस म्हटला की लोकांना लगेच घोटाळ्याचा वास येतो. इथे तसं काही नव्हतं.

इथे होती एक पिशवी. साडीच्या दुकानात मिळते तसली मरून कापडी. कन्व्हेयन्सची (म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करण्याची) फाइल, लिफ्टचा करार, इतिवृत्ताच्या वह्या, सगळं तिच्यात, आणि ती काकांच्या दिवाणात. कागद बघायचा तर संध्याकाळी पाच ते सहा, त्यांच्या घरी, चहा घेऊन. ते गाठ सोडणार, कागद धरून दाखवणार आणि "बघितलंत? झालं?" म्हणत पुन्हा गाठ मारणार. झेरॉक्स मागितली की चेहरा उतरायचा. एका पावसाळ्यात ते लेकीकडे बंगळुरूला गेले आणि इकडे गच्ची गळायला लागली. वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची, ठेकेदार कोण, कुणालाच पत्ता नाही. फोनवर काका म्हणाले, "पिशवीत आहे." पिशवी कुलूपबंद घरात. ते परतले तेव्हा कळलं, हमी ऑगस्टमध्येच संपली होती. राग काकांचा कमी आणि आमचा जास्त आला. बाकीच्या ४७ घरांतून १४ वर्षांत कुणी "द्या, मी सांभाळतो" म्हणालंच नव्हतं.

समिती पाच वर्षांचीच राहते, ते आम्ही बदललं नाही. फक्त पदं अडीच वर्षांनी फिरवायची आणि सलग दुसऱ्यांदा तेच पद कुणी घ्यायचं नाही, असं आपसात ठरवलं. महापौराला अडीच वर्षं पुरतात, तर आमच्या सचिवाला का पुरू नयेत?

त्रास याही पद्धतीत आहे. "आमच्या ह्यांची नाइट शिफ्ट असते", "मला इतिवृत्त लिहिता येत नाही" हे ऐकून कान किटतात. मी स्वतः लिफ्टच्या कराराचं नूतनीकरण विसरलो आणि सहाव्या मजल्यावरच्या आजी चार दिवस जिन्याने चढल्या. काकांच्या काळात असं झालं नसतं, मान्य.

आमदार-खासदारांनी किती वेळा निवडून यायचं, याला आपल्याकडे मर्यादा नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांना १९५१ पासून दोनच वेळा निवडून येता येतं. सहकारी बँकांच्या संचालकांना मात्र सलग ८ वर्षांची होती, ऑगस्ट २०२५ पासून ती १० झाली. मला सगळ्यात पटतो तो तमिळनाडूतल्या उत्तिरमेरूरचा दहाव्या शतकातला शिलालेख. मडक्यातून चिठ्ठी काढून समितीवर माणसं नेमायची, एकाच वर्षासाठी. गेल्या तीन वर्षांत जो समितीवर होता तो बाद, आणि ज्याने हिशेब दिला नाही तो तर बादच, त्याचे नातेवाईकसुद्धा. म्हणजे पिशवीची भानगड त्यांनाही ठाऊक असणार.

खुर्ची रिकामी राहिली की काय होतं, तेही आपण नाशिककरांनी पाहिलंय. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत नगरसेवकच नव्हते. गटार तुंबलं तर नाव घेऊन भांडायला प्रभागात माणूस नाही. त्यामुळे पाळी लावायची तर पुढचा माणूस आधी तयार करा, निदान सहा महिने जोडीला बसवा. तुमची सोसायटी दहा-बारा घरांची असेल आणि काका कागद मोकळे ठेवत असतील, तर कदाचित बदलायची गरजही नाही.

आमची पिशवी आता ऑफिसच्या कपाटात असते, किल्ल्या दोन. सध्या सचिव आहेत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्या आधी "मला नाही जमायचं" म्हणत होत्या. परवा काकांना जुन्या इतिवृत्ताची झेरॉक्स हवी होती, पाच मिनिटांत मिळाली. चहा कुणी विचारला नाही, एवढीच त्यांची तक्रार.