'घाचर घोचर' : न फुटणाऱ्या घराची कादंबरी

घरातल्या पैशाचे भांडण म्हटले की आपल्याला पहिल्यांदा आठवते ती वाटणी. आमच्या आजोबांच्या घराची वाटणी झाली तेव्हा शेत आणि घर यांच्यावरून जेवढी बोलणी झाली, जवळजवळ तेवढीच पाट्या-वरवंट्यावरून झाली, आणि त्यानंतर दोन काकांच्या घरांत कित्येक वर्षे हळदी-कुंकवाचेही जाणे-येणे राहिले नाही. भाऊबंदकी हा शब्दच आपल्या भाषेत इतका खोल मुरलेला आहे की लोभाने घर फुटते, हे आपण गृहीतच धरून चालतो. विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' ही छोटी कन्नड कादंबरी वाचताना मी सवयीने हे घर आता कुठून चिरत जाणार याचीच वाट पाहत होतो. ते चिरत नाही. पैसा आल्यावर हे घर अधिक घट्ट होत जाते आणि त्या घट्टपणाचीच भीती वाटू लागते. लोभाची अशी मांडणी माझ्या वाचनात पूर्वी आलेली नव्हती, म्हणूनच या पुस्तकाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

मूळ कादंबरी 2013 मध्ये कन्नडमध्ये आली आणि श्रीनाथ पेरूर यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. मी वाचली ती या अनुवादातून. शानभाग पेशाने अभियंता, आणि 'देश काल' या कन्नड वाङ्मयीन नियतकालिकाचे ते संपादक होते. पुस्तक सव्वाशे पानांच्या आतले आहे. एका बैठकीत वाचून होते, पण मला दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे लागले आणि दुसऱ्या वाचनात ते पहिल्यापेक्षा कितीतरी मोठे वाटले.

कथा बंगळुरूची आहे. निवेदकाला नाव नाही. तो एका जुन्या कॉफी हाउसमध्ये रोज येऊन बसतो आणि व्हिन्सेंट नावाचा तिथला वेटर जे चार शब्द बोलतो त्यांना भविष्यवाणीचे मोल देतो. त्याची पत्नी अनिता हैदराबादला माहेरी गेली आहे, ती परतायला हवी होती आणि अजून आलेली नाही. एवढ्या एका अस्वस्थतेवर सगळी गोष्ट तोलून धरलेली आहे. बाकी सारे मागे वळून सांगितलेले आहे : अप्पा, अम्मा, बहीण मालती, धाकटे काका म्हणजे चिक्कप्पा आणि निवेदक स्वतः, अशी पाच माणसे आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक असलेल्या खोल्यांच्या घरात कशी राहत होती, अप्पांच्या विक्रेत्याच्या नोकरीवर घर कसे चालत होते, ती नोकरी कशी गेली, आणि मसाले घाऊक घेऊन छोट्या पाकिटांत विकण्याचा चिक्कप्पाचा 'सोना मसाला' हा धंदा बघता बघता कसा वाढला.

जुन्या घरातली प्रकरणे हा या पुस्तकाचा सर्वांत जिवंत भाग आहे. अप्पांचा दिवसाचा हिशोब एके रात्री जुळत नाही आणि सगळे घर त्या कागदांभोवती जमा होते, हा प्रसंग लेखकाने फार मायेने लिहिला आहे. ज्यांनी लहानपणी महिनाअखेरीस वडिलांना डायरीत आकडे मांडून पुन्हा पुन्हा बेरीज करताना पाहिले असेल, त्यांना त्या खोलीतली शांतता ओळखीची वाटेल. गॅसची शेगडी घेणे हा त्या घरात सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय असतो. कोणतीही वस्तू घ्यायची तर पाचही जणांना ती ठाऊक असते, तिची किंमत ठाऊक असते आणि तिच्यासाठी काय बाजूला ठेवावे लागले तेही ठाऊक असते. पुढे नव्या दुमजली घरात वस्तू नुसत्या येत राहतात आणि त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही. गरिबीचे कौतुक करण्याचा सोपा मार्ग लेखकाने घेतलेला नाही, आणि त्याचा पुरावा म्हणजे मुंग्या.

जुन्या घरात मुंग्यांचा अखंड उपद्रव असतो आणि अम्मा त्यांच्याशी लढत असते. हळूहळू घरातली सगळीच माणसे मुंग्या चिरडण्यात पटाईत होतात. दिसली की चिरड, हातात असेल त्याने चिरड. मारण्याची गरज संपल्यावरही तो हात थांबत नाही. लेखक त्यावर एका शब्दाचे भाष्य करत नाही, पण नव्या घरात जे घडते त्याची तालीम या जुन्या स्वयंपाकघरातच झालेली आहे, हे दुसऱ्या वाचनात लख्ख दिसते. पैशाने ही माणसे बिघडली, असे मी आधी समजत होतो. पैशाने त्यांना नवे असे काही शिकवलेले नाही. आपल्या घराबाहेरचे जे आहे ते आपल्या साखरेवर येणार, ही समजूत त्यांच्या अंगात आधीच भिनलेली होती.

कादंबरीचे मर्म माझ्या दृष्टीने एका दुसऱ्या प्रसंगात आहे. एके दिवशी दारात एक बाई येते. ती चिक्कप्पाला भेटू मागते, त्याच्यासाठी तिने मसुराची आमटी करून आणलेली असते आणि स्वतःची ओळख ती तुव्वी या लाडक्या नावाने करून देते. अम्मा आणि मालती दारातच तिच्यावर तुटून पडतात, नको नको ते बोलतात, आणि आमटी जमिनीवर सांडते. चिक्कप्पा घरातच आहे, पण तो बाहेर येत नाही. त्या बाईशी या घराचे काही वैर नाही. घरात कमावणारा एकच आहे आणि त्याच्यावर बाहेरच्या कुणाचा हक्क सिद्ध होता कामा नये, एवढेच काय ते. या झटापटीत जी एकजूट दिसते ती इतकी सहज आणि इतकी न बोलता घडलेली असते की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तिथे एकटी अनिता बोलते आणि त्या क्षणापासून तीही घराबाहेरची ठरते.

आपल्याकडे सून घरात येते तेव्हा ती माप ओलांडून आत येते. अनितानेही उंबरा ओलांडलेला आहे, पण या घराचा खरा उंबरा तिला दिसलेलाच नाही. नवरा नावापुरता कंपनीचा संचालक आहे, त्याला कार्यालय आहे, पगार आहे आणि काम काहीच नाही, हे तिला लग्नानंतर कळते. ती सरळ प्रश्न विचारणारी मुलगी आहे आणि त्या घरात सरळ प्रश्नाला जागा नाही. दिवसभर रिकाम्या टेबलाशी बसून येणाऱ्या या तरुण माणसात आधुनिक साहित्यातली ती असंगती, म्हणजे जगण्याला अर्थच न उरल्याची जाणीव आहे, जिची चर्चा आपण बहुधा परदेशी लेखकांच्या संदर्भात करतो. येथे ती बंगळुरूच्या मध्यमवर्गीय घरात, मसाल्याच्या वासात, अगदी खऱ्या कारणांसह उभी आहे.

शीर्षकातले शब्द कन्नडमध्येही निरर्थक आहेत. अनिता आणि तिचा भाऊ यांनी लहानपणी पतंगाच्या दोऱ्याचा गुंता झाला तेव्हा केलेला तो घरगुती शब्द, आणि लग्नानंतर तो ती नवऱ्याला देते. आपल्या माहेरची ही एवढीशी ठेव तिने विश्वासाने सोपवलेली असते. त्या शब्दाचे पुढे काय होते ते येथे सांगत नाही, कारण शेवटची पाने वाचकाने स्वतःच वाचायला हवीत. शेवट संदिग्ध आहे अशी तक्रार मी ऐकली आहे. मला ती पटत नाही. शेवटाकडे घरात चहाच्या वेळी रंगलेल्या गप्पा लक्ष देऊन वाचल्या तर लेखकाने काहीही लपवलेले नाही हे कळते. निवेदक मात्र लपवतो, आणि तेही स्वतःपासून.

मला खटकलेल्या गोष्टीही आहेत. कठोर बोलण्याचे सारे काम अम्मा आणि मालती यांच्याकडे आले आहे. ज्याच्या पैशासाठी हे सारे चालते तो चिक्कप्पा बहुतेक वेळ शांतपणे मागे उभा असतो. ही योजना हेतुपूर्वक आहे हे मान्य केले, तरी मालतीच्या मोडलेल्या संसाराला आणखी थोडी जागा मिळाली असती तर ती केवळ भांडखोर नणंद म्हणून लक्षात राहिली नसती. निवेदकाची पूर्वीची मैत्रीण चित्रा हीदेखील फार लवकर निघून जाते. स्त्रियांवरील अन्यायासाठी काम करणाऱ्या संस्थेत असलेली ही मुलगी कथेत येते, त्याच्या मनाला टोचणी लावते आणि पुढे तिचा मागमूस राहत नाही.

अनुवाद अत्यंत संयत आहे आणि अप्पा, अम्मा, चिक्कप्पा ही नाती पेरूर यांनी तशीच ठेवली आहेत, हे फार चांगले केले. मात्र कन्नडमध्ये आपल्यासारखाच तू आणि तुम्ही यांचा भेद आहे. दारात आलेल्या त्या बाईशी अम्मा एकेरीवर कधी येते, चिडलेली अनिता नवऱ्याशी कसे बोलते, घरात कोण कोणाला अहोजाहो करतो, या गोष्टींवर अशा कथेत बरेच काही अवलंबून असते आणि इंग्रजीला ते दाखवता येत नाही. मराठीला ते विनासायास दाखवता येईल. म्हणून ज्यांना कन्नड वाचता येते त्यांनी मूळ पुस्तकच घ्यावे. सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात असे वाचक पुष्कळ आहेत. इतरांनी इंग्रजी अनुवाद निःशंक घ्यावा. घरातल्या मोठ्या मुलामुलींनाही तो द्यायला हरकत नाही, फक्त त्यातली कौटुंबिक क्रूरता सौम्य नाही हे आधी सांगून ठेवावे.

वाचून झाल्यावर पुस्तक लगेच कपाटात ठेवू नका. कॉफी हाउसचे पहिले प्रकरण पुन्हा उघडा आणि तो भला, सभ्य, मृदू बोलणारा माणूस पत्नीविषयी किती शांतपणे सांगतो आहे ते पाहा. पहिल्यांदा मला त्याची काळजी वाटली होती. दुसऱ्यांदा ते प्रकरण वाचताना मी अनिताच्या फोनची वाट पाहत होतो.