क्षेत्र बदलून सोनोग्राफीकडे : एका प्रशिक्षणक्रमाचे परीक्षण

दुसऱ्या व्यवसायात अनेक वर्षे काढल्यावर सोनोग्राफीकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठी आखलेला एक पूर्णवेळ प्रशिक्षणक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्याच्या जमेच्या बाजू भक्कम आहेत, पण उणीवही लहान नाही, आणि ती नेमकी प्रत्यक्ष सरावात आहे.

सर्वांत उत्तम शिकवले गेले ते ध्वनिलहरींचे भौतिकशास्त्र. शाळा सुटल्यापासून विज्ञानाशी संबंध न उरलेल्यांना याच विषयाची अधिक धास्ती वाटते, परंतु शिक्षकांनी प्रत्येक सूत्र पडद्यावरील प्रतिमेशी जोडून दाखवले. शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे असे यंत्र गृहीत धरते आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून खोली ठरवते. हे एकदा मनात पक्के बसले की चरबीतून जाताना लहरी मंदावल्यास तिच्यामागचा अवयव आहे त्याहून खोल का दिसतो, हे पाठ करावे लागत नाही. वारंवारता वाढवली की बारकावे स्पष्ट होतात, मात्र लहरी खोलवर पोहोचत नाहीत. म्हणून पोटासाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब (लहरी सोडणारे आणि टिपणारे, अंगावर टेकवायचे उपकरण) आणि थायरॉइडसाठी त्याहून बऱ्याच अधिक वारंवारतेचा सरळ प्रोब लागतो. पित्ताच्या खड्यामागची काळी सावली आणि द्रवाने भरलेल्या गाठीमागचा उजळ पट्टा हे निदानाचे पुरावे म्हणून वाचायला शिकवले. रक्तप्रवाहाचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर तपासणीत लहरींची दिशा आणि रक्तप्रवाह यांतील कोन ६० अंशांपलीकडे गेला की वेगाच्या मापनातील चूक झपाट्याने वाढते, हेही आकडे मांडून पटवून दिले.

सिम्युलेटरवरील, म्हणजे रुग्णाशिवाय तपासणीचा आभास देणाऱ्या यंत्रावरील, सराव सुरुवातीला उपयोगी पडला. हात आणि डोळे यांचा मेळ तेथे बसू लागतो. खऱ्या रुग्णाच्या आतड्यांतील वायू मात्र स्वादुपिंड झाकून टाकतो; मग दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगणे, कुशीवर वळवणे, प्रोबचा दाब वेदना न होईल इतपत वाढवणे, हे सारे जाणकाराच्या देखरेखीखाली प्रोब स्वतः हाती घेतल्यावाचून येत नाही. याच ठिकाणी हा प्रशिक्षणक्रम कमी पडला. विद्यार्थी अधिक आणि यंत्रे थोडी असल्यामुळे रुग्णालयातील पुष्कळ वेळ मागे उभे राहून पाहण्यात गेला, आणि माहितीपत्रकात मोजलेले तास हे उपस्थितीचे होते, प्रत्यक्ष तपासणीचे नव्हते. ज्या वरिष्ठ सोनोग्राफर आम्हाला आधी प्रतिमा घेऊ देत आणि नंतर स्वतः तपासून चुका दाखवत, त्यांच्यासोबत लाभलेला वेळ सर्वाधिक फलदायी ठरला. प्रवेश घेण्याआधी एका यंत्रामागे किती विद्यार्थी असतात, स्वतः केलेल्या तपासण्यांची नोंद ठेवली जाते का आणि हा प्रशिक्षणक्रम नोंदणीसाठी ग्राह्य आहे का, हे विचारलेच पाहिजे.

तपासणी करताना स्वतःच्या शरीराची ठेवण कशी असावी, यावर एकच व्याख्यान झाले, हे मला खटकले. या व्यवसायात खांदा, मनगट आणि मान यांच्या दुखण्याचे प्रमाण फार मोठे आहे, आणि उतारवयाकडे झुकताना क्षेत्र बदलणाऱ्याला तर ते अधिकच जाणवते. पलंगाची उंची योग्य ठेवणे, कोपर अंगालगत राखणे, पडदा डोळ्यांसमोर येईल असा वळवणे या सवयी प्रत्येक प्रात्यक्षिकात तपासल्या गेल्या असत्या, तर त्या अंगवळणी पडल्या असत्या.

रुग्णाशी बोलण्याचे सत्र मात्र मनापासून आवडले. तपासणी चालू असताना ‘सगळे ठीक आहे ना?’ असा प्रश्न हमखास येतो. निष्कर्ष डॉक्टरांनी सांगायचा असतो, तेव्हा खोटा दिलासा न देता आणि चेहऱ्यावर चिंता न उमटू देता काय उत्तर द्यावे, याचा सराव आमच्याकडून करून घेतला. पूर्वी लोकांमध्ये वावरलेल्या सहाध्यायांचा अनुभव येथे सर्वांच्याच उपयोगी पडला.

सिद्धान्ताचा पाया हवा असणाऱ्यांना आणि जादा सरावाची सोय अन्यत्र करू शकणाऱ्यांना मी हा प्रशिक्षणक्रम सुचवीन. अर्धवेळ तुकडीला रुग्णालयातील वेळ आणखी कमी मिळतो. नोकरी सांभाळून शिकायचे असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी त्या तुकडीचे वेळापत्रक लेखी मागून घ्यावे.