हँडलवर काय बसवावं: फोन, मोठं जीपीएस की बटणांचं छोटं यंत्र?

बेळगावहून कोल्हापूरला ४८ नंबरच्या हायवेने जाऊन येण्यापुरतंच फिरणं असेल, तर फोन खिशात ठेवा आणि संकेश्वर-निपाणीच्या पाट्या बघत जा. खरी गरज लागते ती जांबोटी सोडून कणकुंबी-चोर्ल्याकडे निघालं की, पाटणे फाट्यावरून तिलारी उतरताना, किंवा भीमगडच्या जंगलाकडेच्या खेड्यांत. तिथे रेंज जाते, पावसात समोरचं दिसेनासं होतं आणि नेमकं त्याच वेळी फाटा येतो.

पर्याय तीन आहेत: माउंटवर फोन, गार्मिन झूमोसारखं खास मोटरसायकलचं युनिट, आणि ईट्रेक्ससारखं बटणांवर चालणारं, पेन्सिल सेलचं हातातलं यंत्र. नव्या रॉयल एनफिल्डवरचा ट्रिपर, म्हणजे वळणं दाखवणारा छोटा गोल पडदा, मी यात धरलेला नाही. त्याचं सगळं बळ खिशातल्या फोनमध्येच असतं, म्हणून तो फोनचाच भाग समजावा.

पत्ता शोधणं, आवाजात सूचना, ट्रॅफिक यांत फोनला तोड नाही. रेंज नसली तरी जीपीएस चालतंच, रेंज लागते ती नकाशा उतरवायला. घरून निघताना बेळगाव, सावंतवाडी, पणजी बसेल एवढा चौकोन ऑफलाइन उतरवून घेतला, तर चुकलेलं वळणही फोन सुधारून देतो. नुसता ऑनलाइन मार्ग लावून निघालात तर ठरलेली रेघ दिसत राहते, पण रस्ता चुकल्यावर नवी रेघ मिळत नाही. दुसरी काळजी कॅमेऱ्याची. इंजिनाच्या सततच्या थरथरीने कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा आणि फोकस बिघडू शकतात, असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे. ही रचना असलेल्या कुठल्याही फोनला हे लागू पडतं. बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या गाडीवर फोन लावायचाच असेल, तर थरथर शोषणारा रबरी डँपर असलेलाच माउंट घ्या.

हे सगळं सांभाळता येतं. सांभाळता येत नाही ते चार्जिंगचं भोक, आणि माझा निर्णय त्याच्यावरच झाला.

चालत्या गाडीवर पाऊस वरून पडत नाही, समोरून मारतो. केबल खाली लोंबती ठेवून पाणी ठिबकवायची युक्ती उभ्या गाडीला ठीक. ताशी ५० च्या वेगाला पाणी केबलवरून सरळ पिनमध्ये जातं. फोन ओल ओळखतो आणि चार्जिंग बंद करतो. तो बरोबरच करतो, नाहीतर पिना करपतील. पण पूर्ण उजेडात नकाशा चालू असलेला फोन चार्जिंगविना दोन-तीन तासांत आटोपतो. चोर्ल्याने पणजी गाठायला पावसाळ्यात साधारण तेवढाच वेळ लागतो. मग नकाशा तर जातोच, फोन करायची सोय जाते आणि पंपावर पैसे द्यायचीही. झिपवाल्या पाऊचने भोक झाकलं जातं, पण आत वाफ धरते आणि केबलसाठी एक भोक उरतंच. मोकळ्या हवेत वाळवल्याशिवाय चार्जिंग परत सुरू होत नाही, आणि श्रावणातल्या घाटात वाळवायचं कुठे? वायरलेस चार्जिंगचा माउंट हा यावरचा खरा तोडगा आहे. पावसात तो बऱ्यापैकी चालतो. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र फोन आधीच तापलेला असतो, त्यात या चार्जिंगची उष्णता मिळाली की पडदा आपोआप मंद होतो.

मोटरसायकलचं मोठं युनिट नेमका हाच प्रश्न सोडवतं. झूमो एक्सटीचा पडदा साडेपाच इंची, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा, आणि वीज पाठीमागच्या पिनांतून पाळण्याकडून, म्हणजे यंत्र ज्यात बसतं त्या हँडलवरच्या बैठकीकडून, येते. उघडं भोक नाही. हातमोज्यातल्या बोटालाही पडदा दाद देतो, मुसळधार पावसात मात्र अधूनमधून चुकीचा स्पर्श धरू शकतो. अडचण दोन ठिकाणी. किंमत फोनच्या माउंटच्या कितीतरी पट, आणि चहाला थांबलं की दरवेळी काढून खिशात घालावं लागतं. शिवाय वायरिंग नीट हवं.

वायरिंगमध्ये बहुतेकांची चूक एकच असते: कनेक्शन बॅटरीवरून थेट घेतात. १२ चे ५ व्होल्ट करणारा साधा कन्व्हर्टर रिकामा असतानाही थोडा करंट खात राहतो. २० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास. गाडी दहा दिवस उभी राहिली की ८ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून खाली. म्हणून रिले, म्हणजे चावी लावली तरच वीज पुढे सोडणारा स्विच, घालून घ्या. ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. ८७ वरून यंत्राकडे. ८६ ला चावीबरोबर चालू होणारी टेललाइटची वायर, ८५ अर्थिंगला. केबल टाकीखालून आणताना स्टिअरिंगच्या मानेपाशी सैल सोडा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ताण येत नाही ना बघा, मगच पट्टा आवळा. काही महिन्यांनी यंत्र बंद पडल्यासारखं वाटतं, तेव्हा बहुधा मानेपाशी वायर आतल्या आत तुटलेली असते.

छोट्या यंत्राला यातलं काहीच लागत नाही. ईट्रेक्स २२एक्समध्ये दोन पेन्सिल सेल, आणि त्यावर २५ तासांपर्यंत चालतं असं कंपनी सांगते. सेल संपले तर ते कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. टच नाही, त्यामुळे थेंबांना बोट समजण्याचा प्रश्नच नाही. ओल्या जाड मोज्यांनीही बटण दाबतं. पडदा उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो. तोटे खरे आहेत. पडदा जेमतेम सव्वादोन इंची, आवाज नाही, पत्ता शोधणं त्रासाचं, नकाशा हलायला वेळ घेतो. रस्ता घरीच आखून, त्या मार्गाची जीपीएक्स फाइल करून यंत्रात टाकायची आणि रस्त्यावर ती रेघ धरून जायचं, एवढंच काम त्याला सांगायचं. ज्यांना बसल्या जागी ‘जवळचं हॉटेल’ शोधायचं असतं त्यांना हे मानवणार नाही. घाटवाटा फिरणाऱ्याला, कोरडा फोन खिशात ठेवून, माझ्या मते एवढं पुरतं. माझ्या हँडलवर तेच आहे.

मात्र एका सिलिंडरच्या गाडीवर याची एक खोड आहे. थरथरीने सेलचा संपर्क क्षणभर सुटतो आणि यंत्र बंद पडतं. सेल आणि झाकण यांच्यामध्ये पातळ फोमची किंवा जाड कागदाची घडी घाला, सेल हलता कामा नये. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नका. रिचार्जेबल सेल घालून अल्कलाइन ठेवलं, तर बॅटरीचा आकडा चुकीचा दाखवतो.

बसवताना सायकलचा प्लॅस्टिक पट्ट्यांचा माउंट मोटरसायकलवर वापरू नका, तो हळूहळू फिरतो. एक इंची रबरी गोळ्याचा क्लॅम्प घ्या. बहुतेक हँडल २२ मिलिमीटरची असतात. मधे जाड होत गेलेल्या हँडलवर २८.६ चा क्लॅम्प लागतो. पकड घसरत असेल तर जुन्या ट्यूबची एकच पातळ पट्टी गुंडाळा. दोन-तीन थर दिले की रबरच फिरतं. दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळा. धातूच्या आट्यांना निळं थ्रेडलॉकर (आट्या सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, प्लॅस्टिकजवळ मात्र नको, त्याला चिरा पडतात. माउंटचा हात जितका आखूड तितकी थरथर कमी. आरशाच्या बोल्टवरचा माउंट टाळलेला बरा, आरशाची दांडी गाडीतल्या सर्वांत जास्त थरथरणाऱ्या जागांपैकी आहे. घ्यायचाच असेल तर आट्या तपासा, यामाहाच्या उजव्या आरशाला उलट्या आट्या असतात. तयार पाळणा बसत नसेल तर गोळ्याखालच्या पट्टीला ३० बाय ३८ मिलिमीटरवर चार भोकं लागतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपात ॲल्युमिनियमची अशी पट्टी करून मिळते. यंत्र कुठलंही असो, हँडलला बांधलेली एक दोरी हवीच.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या मोफत नकाशावरून तयार केलेला, मार्ग काढणारा असा घ्या. फाइल मेमरी कार्डावर ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये ठेवली की ईट्रेक्सला दिसते. या भागात नावांवर विसंबू नका. ‘खानापूर’ सांगली जिल्ह्यातही आहे. बेळगावचं सरकारी नाव २०१४ पासून बेळगावी झालं आहे, पण जुन्या नकाशांत आधीचंच स्पेलिंग सापडतं. काही गावं मराठी उच्चाराने शोधली तर सापडत नाहीत, कानडी उच्चाराच्या स्पेलिंगने सापडतात. त्यामुळे थांबे अक्षांश-रेखांशाने टाका. यंत्राची पद्धत एकच धरा, कारण बेळगावचे १५.८५ अंश म्हणजे १५ अंश ५१ मिनिटं. ८५ हा आकडा मिनिटं समजून टाकला की ठिकाण साठेक किलोमीटरने सरकतं. ‘सर्वांत जवळचा रस्ता’ हा पर्याय बंद ठेवा, तो दोडामार्गसाठी बिनदिक्कत तिलारी सुचवतो, आणि तिथला उतार भर पावसात लादलेल्या गाडीने उतरायचा नाही. पहिली चाचणी पिरनवाडी-किणये-जांबोटी अशा ओळखीच्या रस्त्यावर घ्या. यंत्राची रेघ आणि डांबर जुळतं का, आणि हँडल हातात असताना नजर किती वेळ खाली राहते, हे तिथेच कळतं.