रोटाचं दळण कुठे द्यावं? देवपुरातली आमची गिरणी

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्हा खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू आम्ही घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून सव्वाच्या मापात घेतो, म्हणून ते दळण कुठेही टाकून चालत नाही.

धुळ्यात देवपुरातल्या आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या भाऊंना हे सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी ते बाजरी-डाळीची दळणं बंद ठेवतात. जातं उघडून ब्रशने कोपरान् कोपरा झाडतात, ओल्या फडक्याने पुसतात, वाळलं की मगच रोटाचे गहू घेतात. दळण झालं की पीठ पडायची कापडी पिशवी माझ्याच डब्यात दोनदा झटकली. घरचं पीठ घरातच राहायला हवं, रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत ना! जातं सावकाश चालवतात, त्यामुळे पीठही करपट लागत नाही. पैसे नेहमीचेच.

एकच खटकलं: म्हाताऱ्या बायांना बसायला साधं बाकडंही नाही, आणि रांग मोठी असते. तेवढं भाऊंनी करावंच.

शनिवारी सकाळीच नंबर लावा. गहू घरूनच निवडून न्या, तिथे सूप धरायलाही जागा नाही.