जन्मतःच लठ्ठपणाचा अंदाज: फिनलंडचं एक्सेल गणित आपल्याकडे चालेल का?

बाळ पुढे लठ्ठ होण्याचा धोका जन्मतःच सांगणाऱ्या या साधनाला नाळेच्या रक्ताचा एक थेंबही लागत नाही. उत्तर फिनलंडमध्ये 1986 साली जन्मलेल्या मुलांच्या नोंदींवरून संशोधक फिलिप फ्रोगेल आणि सहकाऱ्यांनी हे सूत्र काढलं आणि 2012 मध्ये साध्या एक्सेल तक्त्यात बसवून खुलं केलं. भरायच्या गोष्टी सहाच: आईवडिलांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग), गरोदरपणात आईचं वाढलेलं वजन, बाळाचं जन्मवजन, घरातली माणसं, आईचा व्यवसाय आणि तिचं धूम्रपान.

घोटाळे भरतानाच होतात. आईचा बीएमआय गर्भारपणाआधीच्या वजनावरून काढायचा. गर्भारपणाच्या तपासणी-कार्डावरची पहिली नोंद चौथ्या महिन्यातली असेल तर बीएमआय फुगतो आणि वाढलेलं वजन कमी दिसतं. वडिलांची उंची विचारून लिहू नका, मोजा: 70 किलोच्या माणसाची उंची 170 ऐवजी 175 सेंमी धरली, की बीएमआय 24.2 वरून 22.9 वर येतो. जन्मवजन 2.5 किलो असं गोल आकड्यात लिहायची सवयही नडते.

अचूकता 0.78. म्हणजे पुढे लठ्ठ झालेलं एक मूल आणि न झालेलं एक मूल घेतलं, तर शंभरातल्या 78 वेळा सूत्र पहिल्याला जास्त धोका देतं. चाळणी म्हणून ठीक, निदान म्हणून नाही. 39 जनुकीय खुणा जोडूनही त्यात नाममात्रच भर पडली, तेव्हा बाळाच्या महागड्या जनुक-चाचणीवर या कामासाठी पैसे घालवण्यात अर्थ नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधक गटाने 2011 मध्ये नाळेतल्या आरएक्सआरए जनुकावरच्या मिथाइल खुणेचा (जनुकाला चिकटलेल्या रासायनिक खुणेचा) 9 वर्षांच्या मुलांमधल्या चरबीशी संबंध दाखवला. संशोधन म्हणून ते मोलाचं आहे. पण त्यातून गटाचा कल कळतो, एका बाळाचं भविष्य नाही.

आपल्याकडे खरी अडचण जन्मवजनाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात आसपासच्या खेड्यांतली बाळं सरासरी 2.7 किलोची होती, साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोट लहान, पण खांद्याच्या फऱ्याखालच्या कातडीच्या घडीतली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. तिथे कातडीची घडी मोजणारा कॅलिपरच हवा. शिवाय इटली आणि अमेरिकेसाठीसुद्धा वेगळी समीकरणं काढली गेली, मग आठ माणसांचं एकत्र कुटुंब किंवा सिगारेटऐवजी मशेरी लावणारी आई या तक्त्यात बसवायची कशी?

या साधनाला 5 पैकी 3 गुण. महाराष्ट्रातल्या बाळासाठी येणारी टक्केवारी पालकांना सांगू नका. ते सहा प्रश्न मात्र जरूर विचारा, आणि लसीकरणाच्या प्रत्येक फेरीला वजन-लांबी वाढीच्या आलेखावर मांडा. पहिल्या दोन वर्षांत रेषा भराभर वरचे पट्टे ओलांडू लागली, तर ती धोक्याची खूण, आणि ती या तक्त्यात कुठेच नाही.