बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी: स्टिक की मॅट्रिक्स प्रोब?

गर्भातल्या बाळाचं हृदय मिनिटाला 110 ते 160 वेळा धडधडतं, आणि बाळाला कुणी ‘जरा हलू नकोस’ म्हणू शकत नाही. त्रिमितीय चित्र विस्कटतं ते इथेच.

स्टिक (STIC, ठोक्यांच्या वेळेनुसार चित्रं जुळवण्याची) पद्धतीत प्रोबमधले, म्हणजे आईच्या पोटावर फिरवायच्या उपकरणातले, ध्वनिलहरी सोडणारे क्रिस्टल 7.5 ते 15 सेकंदांत हळूहळू कलत शेकडो चित्रं टिपतात. बाळाचा ईसीजी हाताशी नसतोच. मग संगणक हृदयाच्या हालचालीवरूनच ठोक्यांची गती ओळखतो आणि ठोक्याच्या एकाच टप्प्यावरची चित्रं एकत्र लावतो. युक्ती झकास! 140 च्या गतीने 10 सेकंदांत तेवीसेक ठोके होतात. पडद्यावर दिसतो एकच, पुन्हा पुन्हा चालणारा. पण मधेच बाळाने लाथ मारली किंवा आई खोकली, की हृदयाची कड पायरीसारखी तुटते. ठोकेच अनियमित असले तर सगळा हिशेब कोलमडतो.

मॅट्रिक्स प्रोबमध्ये काही सरकत नाही. हजारो बारीक घटक ध्वनिकिरण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवतात, त्यामुळे चित्र झटपट मिळतं. मात्र प्रोब महाग, आणि मोठा भाग एका दमात घेतला की तपशील किंवा वेग, काहीतरी सोडावं लागतं.

बाळ झोपलेलं असेल तर मी स्टिकच निवडेन. चुळबुळ्या बाळासाठी किंवा चुकणाऱ्या ठोक्यांसाठी मॅट्रिक्स.